पाच कासवं, सव्वाशे लिटर पाणी आणि महिन्याचे बाराशे रुपये

प्रश्न बेळगावच्या वडगावहून आलाय, थोडक्यात असा: पॉवरलूमवर काम, घर जुनं, मागे परडं आहे. दोन कासवांपासून सुरुवात झाली, आता सहा झालीत. पाच लाल कानाची, म्हणजे रेड इअर्ड स्लायडर. त्यात तीन माद्या सहा-सात इंचांच्या आणि दोन नर पाच इंचांचे. सहावं गेल्या पावसाळ्यात येळ्ळूरकडच्या भातशेतात सापडलं, ‘मऊ पाठीचं’. सगळी हॉलमधल्या तीन फुटी काचेच्या टाकीत आहेत. दोन दिवसांत पाण्याला वास सुटतो, एक नर दुसऱ्याच्या शेपटीला चावतो, एका मादीच्या पाठीची कड दाबली जाते. कासवांसाठी महिन्याला जास्तीत जास्त बाराशे रुपये निघतात. त्यात मेहुणे आणखी दोन कासवं घ्या म्हणून मागे लागलेत. जमेल का, की द्यावीत, आणि द्यायची तर कुणाला?

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते बघू. सहा हा आकडा घाबरवतो, पण खरा अडसर आहे पाण्याचा. तुमची टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, आणि पाणी फूटभर. म्हणजे साडेचार घनफूट, जेमतेम १२७ लिटर. स्लायडरसाठी सर्रास वापरलं जाणारं माप म्हणजे पाठीच्या दर इंचाला ४० लिटर. एकत्र ठेवायची असतील तर सगळ्यांत मोठ्याला पूर्ण माप आणि बाकीच्यांना प्रत्येकी निम्मं. हे माप आजच्या लांबीवर धरायचं नाही, पूर्ण वाढीवर धरायचं. मादी दहा-अकरा इंचांपर्यंत जाऊ शकते, नर सात-आठला थांबतो. सहाव्याचं पुढे सांगतो, पाच स्लायडरांपुरतं बघू: मादी ९ इंच आणि नर ७ इंच धरले तर पहिल्या मादीचे ३६०, बाकीच्या दोघींचे १८० प्रमाणे ३६०, दोन नरांचे १४० प्रमाणे २८०. बेरीज १००० लिटर. तुमच्याकडे त्याच्या आठव्या हिश्श्याएवढं पाणी आहे. वास, चावाचावी, वारंवार पाणी बदलणं, हे सगळं त्यातूनच आलंय. या टाकीला कितीही महागडा फिल्टर लावलात तरी फरक पडणार नाही.

बाराशेत पाच कासवं नीट सांभाळता येतील, पण घरात नाही, परड्यात. परड्यात दिवसाला दोन-तीन तास थेट ऊन येतं का, यावर माझं पुढचं सगळं उत्तर अवलंबून आहे. येत नसेल तर पाचही ठेवण्याचा नाद सोडा, दोनच ठेवा.

या आठवड्यात मात्र दोन कामं थांबू शकत नाहीत.

पहिलं सहाव्या कासवाचं. पाठ गुळगुळीत, चामड्यासारखी, खवल्यांचे चौकोन नाहीत, नाकपुड्या नळीसारख्या पुढे आलेल्या आणि मागच्या पायांवर पोटाकडून झाकणासारख्या घड्या असतील तर ते आपल्याकडचं फ्लॅपशेल आहे. पाठ काळपट, कडक आणि तिच्यावर लांबीला तीन कणे असतील तर ते काळं कासव. दोन्ही इथलीच, आणि इथली रानटी कासवं घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे. फ्लॅपशेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यातला गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा किमान तीन वर्षांच्या तुरुंगवासाची. हे वाचून रातोरात नाल्यात सोडून येऊ नका. वर्षभर ते परदेशी कासवांच्या पाण्यात राहिलंय, त्याच्या अंगावर कोणता आजार आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि तो नाल्यातल्या बाकीच्यांना लागेल. आजच त्याला वेगळ्या टबात घ्या आणि जवळच्या आरएफओ, म्हणजे वनखात्याच्या रेंज ऑफिसात जाऊन ‘शेतात सापडलं, ताब्यात घ्या’ असं सरळ सांगा. कधी आणि कुठे सापडलं ते कागदावर लिहून न्या आणि दिल्याची पोच मागून घ्या.

दुसरं काम मऊ कडेच्या मादीचं. नुकत्याच जन्मलेल्या पिलाची पाठ थोडी लवचीक असते, पण सहा इंची कासवाची कड अंगठ्याने दबता कामा नये. कॅल्शियम आणि ऊन दोन्ही कमी पडलं की शरीर कवचातलं आणि हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. तुमच्या टाकीवर खिडकीतून ऊन पडतं असं तुम्ही लिहिलंय, पण ज्या अतिनील किरणांवर कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते यूव्हीबी किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत. तिला रोज सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तासभर परड्यात न्या: रुंद टब, दोन बोटं पाणी, पोटाखाली कोरडी वीट आणि निम्म्या टबावर पोत्याची सावली. सावली विसरायची नाही. उथळ टबातलं पाणी उन्हात अर्ध्या तासात तापतं आणि कासवाला पळायला जागा नसते. अशी कासवं उन्हाने मरतात. सोबत समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या अंगातलं वाळलेलं कवच द्या. काष्ठौषधीच्या दुकानात स्वस्तात मिळतो. कडक पापुद्रा काढून मऊ बाजू पाण्यात टाकली की ती कुरतडत राहते. तिला पशुवैद्यांना दाखवून वजनाप्रमाणे कॅल्शियम ठरवून घ्या. माणसांच्या गोळ्या अंदाजाने कुटून घालू नका, ड जीवनसत्त्व जास्त झालं तर तेही घातक असतं.

आता परड्यात का, ते पैशांत सांगतो. घरात रीतसर व्यवस्था करायची म्हटली तर हिवाळ्यात १०० वॅटचा हीटर दिवसातून निम्मा वेळ चालला तरी महिन्याला ३६ युनिट, ऊबेचा ६० वॅटचा बल्ब आठ तास म्हणजे १४, यूव्हीबीचा २६ वॅटचा दिवा दहा तास म्हणजे ८ आणि २५ वॅटचा फिल्टर रात्रंदिवस म्हणजे १८. एकूण ७६ युनिट. गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, तुमच्या घराला ठरवून दिलेल्या युनिटच्या वर जे जळतं त्याचे पैसे पडतात, आणि २०० च्या पुढे गेलात तर अख्खं बिल भरावं लागतं. म्हणजे कासवांमुळे घरची वीज फुकटची विकत होऊ शकते. शिवाय यूव्हीबीचा दिवा पेटता दिसला तरी सहा महिन्यांपासून वर्षभरात त्याची किरणं संपतात आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. बाहेर ऊन फुकट आहे. विजेचा खर्च एका पंपाचा.

हौदाचं माप ६ फूट बाय ४ फूट, पाणी दीड फूट. ३६ घनफूट, म्हणजे बरोबर हजार लिटरच्या आसपास. गच्चीवर करायचा विचार असेल तर सोडा. दीड फूट पाण्याचा भार चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या वर जातो, आणि घरांचे स्लॅब साधारण दोनशे किलो धरून केलेले असतात. परड्यात जमिनीवरच करा.

सिमेंटचा पक्का हौद छान होतो, पण महाग पडतो, आणि नवीन सिमेंटचा चुना पाण्यात उतरत असल्यामुळे दोन-तीन आठवडे पाणी भरून, ओतून, पुन्हा भरून तो मुरवावा लागतो. तुमच्या खिशाला परवडेल ते असं: जमीन सपाट करून खडे वेचून घ्या, तीन बोटं वाळू पसरा, भोवती जुने चिरे अडीच फूट उंचीपर्यंत रचा आणि आत शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा. निपाणी, चिकोडीकडे शेतीच्या दुकानांत तो मापाने कापून मिळतो. लांबीला ६ अधिक दोन्ही बाजूंची अडीच फूट उंची अधिक दोन्हीकडे फूटभर दुमड, म्हणजे १३ फूट. रुंदीला तसाच हिशेब करून ११ फूट. साधी ताडपत्री घेऊन पैसे वाचवू नका, कासवांच्या नखांनी ती काही महिन्यांत फाटते. चिऱ्याच्या टोकदार कडांवर आतून जुनी पोती लावा आणि मगच कागद टाका. नाहीतर पाण्याच्या दाबाने कागद नेमका कडेवर चिरतो, गळती बाहेर दिसत नाही आणि रोज पाणी का उतरतंय याचा पत्ता लागत नाही.

पाण्याच्या वर फूटभर भिंत शिल्लक राहिली पाहिजे, आणि चारही कोपऱ्यांत आतल्या बाजूला झुकलेली फळी किंवा पत्र्याची पट्टी हवी. कासव सरळ भिंत चढत नाही, पण कोपऱ्यात दोन बाजूंना पाय रोवून एकमेकांच्या पाठीवरून सहज बाहेर पडतं. उन्हाला बसायला पाण्यातून वर येणारा उतार द्या. दोन विटांच्या रांगांवर तिरकी खरबरीत फळी चालते. तिचं वरचं टोक पूर्ण कोरडं राहिलं पाहिजे आणि पाचही कासवं एका वेळी बसतील एवढी ती रुंद हवी. जागा कमी पडली की ताकदवान कासव बाकीच्यांना ढकलून देतं, आणि ढकललं जाणारं तेच ते कासव ऊन न मिळून आजारी पडतं. चावाचावीचं एक कारण हेही असतं.

वर लाकडी चौकटीला कोंबडीची जाळी ठोकून झाकण करा. मुंगूस, कुत्री, घारी, वडगावात सगळंच आहे. जाळीतून किरणं येतात. पारदर्शक पत्रा टाकू नका, तो ती अडवतो. एप्रिल-मे मध्ये हौदाच्या दोन तृतीयांश भागावर ५० टक्क्यांचं शेडनेट ओढा.

पावसाळा ही आपल्याकडची खरी परीक्षा. जुलैतल्या सलग काही दिवसांच्या पावसाने हौद काठोकाठ भरतो आणि फूटभर ठेवलेली भिंत नाहीशी होते. कासवं चालत निघून जातात. म्हणून दीड फुटाच्या रेषेवर दीड इंची पाइप बाहेर काढा आणि त्याच्या आतल्या तोंडाला जाळी बांधा. जाळी पानांनी तुंबते, पावसात रोज हात फिरवावा लागेल. तो पाइप गटारात सोडू नका, खड्डा करून झाडांना द्या. सलग पंधरा दिवस ऊन पडलं नाही तर निरोगी मोठ्या कासवाचं काही बिघडत नाही, मऊ कडेच्या मादीचं बिघडतं. तेवढ्या काळापुरता तिच्यासाठी एक यूव्हीबी दिवा घेतलात तर तो खर्च योग्य आहे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १२-१४ वर येतो, पण हजार लिटर पाणी लगेच थंड होत नाही आणि दुपारी पुन्हा ऊन असतं. मोठी स्लायडर हे सहज काढतात. पाणी १८ अंशांच्या खाली गेलं की मात्र खायला घालणं बंद. थंडीत पचन मंदावतं आणि पोटातलं अन्न कुजतं. पाण्यात सोडायचा साधा थर्मामीटर घ्या. चार इंचांच्या आतली आणि आजारी कासवं हिवाळ्यात घरात, २६ ते २८ अंशांच्या पाण्यात. तुमची जुनी काचेची टाकी फेकू नका, तिचा उपयोग इथे आहे.

पाण्याच्या स्वच्छतेला दोन गोष्टी पुरतात. टाकीतले रंगीत खडे आणि एअर पंप हौदात नेऊ नका. कासव हवेत श्वास घेतं, बुडबुड्यांनी त्याला काही मिळत नाही. आणि खडे ते गिळतं, आतडं तुंबतं. स्वच्छतेसाठी पहिलं, गोळ्यांचं खाणं वेगळ्या टबात, वीस मिनिटं. निम्मी घाण हौदात जातच नाही. दुसरं, घरचा ड्रम फिल्टर: ५० लिटरचा ड्रम, पंपाचं पाणी तळातून आत, त्यावर नायलॉनच्या घासण्या, मग फोम, मग विटांचे तुकडे, आणि वरून दीड इंची पाइपने पाणी परत हौदात. पाइप बारीक घेतला आणि फोम तुंबला तर ड्रम वरून वाहतो आणि पंप अख्खा हौद बाहेर ओततो. म्हणून ड्रम हौदाच्या काठावरच असा बसवा की सांडलं तरी आतच सांडेल. फोम धुवायचा तो बादलीत काढलेल्या हौदाच्या पाण्यातच. नळाच्या क्लोरीनने त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरतात आणि आठवड्याने पुन्हा वास सुटतो. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइट चार-पाच तास गेली तर पंप सुरू करण्याआधी ड्रममधलं कुबट पाणी ओतून टाका.

आठवड्याला ३०० लिटर पाणी बदला. ते झाडांना उत्तम खत आहे. नारळ, केळी, जास्वंदीला घाला. कोथिंबीर-मेथीसारख्या भाज्यांना नको. कासवांच्या अंगावर पोट बिघडवणारे साल्मोनेला जिवाणू असतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. टब स्वयंपाकघरात धुवायचा नाही, हात साबणाने धुवायचे, आणि घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याच्या हातात कासव द्यायचं नाही.

बाराशेतले सगळ्यांत जास्त पैसे तुमचे गोळ्यांवर जातात, आणि तिथेच कपात करता येते. मोठ्या कासवाला गोळ्या एक दिवसाआड आणि त्याच्या डोक्याच्या आकाराएवढ्याच. त्याहून जास्त घातल्या तर चरबी वाढते, कवच वेडंवाकडं होतं आणि पाणी घाण होतं ते वेगळंच. रोजचं पोट पाल्यावर भरायला हवं. जनावरांसाठी अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) करणारा शेतकरी ओळखीचा असेल तर ओंजळभर आणा आणि स्वच्छ धुऊन वेगळ्या टबात वाढवा, कासवं तो आवडीने खातात. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं, किसलेला लाल भोपळा आणि गाजर चालतात. पालक टाळा, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवतं. सुकट बहुधा खारवलेली असते, द्यायचीच तर भिजवून, पाणी टाकून, पंधरवड्यातून एकदा. भात, चपाती, ब्रेड, चिरमुरे नकोत. सुरुवातीला कासवं पाला हुंगणारही नाहीत. आठवडाभर गोळ्या थांबवल्यात तर निरोगी मोठं कासव काही मरत नाही, खायला लागतं. मऊ कडेच्या मादीवर मात्र हा प्रयोग करू नका.

थोडक्यात पैशांचा क्रम असा: आधी हौद, मग पंप, मग मऊ कडेच्या मादीचं औषध, गोळ्या त्यानंतर. दोन-तीन महिने दुसरं काही विकत न घेता हौदासाठी साठवा. तोवर टाकीतलं निम्मं पाणी एक दिवसाआड बदला आणि चावणाऱ्या नराला आजच वेगळ्या टबात काढा.

संख्या वाढण्याचा धोका मेहुण्यांपेक्षा तुमच्याच माद्यांकडून जास्त आहे. मादी अस्वस्थ होऊन भिंत चढायला लागली, खाणं सोडून मागच्या पायांनी उकरायला लागली तर ती अंड्यांना आलेली आहे. हौदाला लागून फूटभर खोल ओलसर माती-वाळूचा कप्पा हवा. जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडकवून ठेवते आणि त्यात जीव जातो. नर वेगळे केले म्हणून अंडी लगेच वांझ होत नाहीत. मादी नराचं बीज अंगात दीर्घकाळ साठवून ठेवते, पुढच्या वर्षीसुद्धा पिलं निघू शकतात. एका वेळी पाच-दहा, कधी त्याहून जास्त अंडी, आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा. म्हणून अंडी घातली त्याच दिवशी काढा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मन होत नाही, हे समजू शकतो. पण त्यातून निघणारं प्रत्येक पिलू वीस-तीस वर्षं जगतं आणि त्याला पुन्हा शेकडो लिटर पाणी लागतं. ते तुमच्याकडे नाही.

एवढं करूनही पाच जास्त वाटली तर आधी नर द्या. मारामारी थांबते आणि नवी अंडी फळायचं हळूहळू बंद होतं. द्यायचं ते भिंतीने बंद असलेलं तळं किंवा हौद असणाऱ्यालाच, आणि आधी जागा डोळ्यांनी पाहून. बळ्ळारी नाल्यात, मार्कंडेय नदीत, किल्ला तलावात किंवा कपिलेश्वर तलावात सोडायचं नाही. हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं कासव, जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत गणलं गेलेलं. ऊन खायच्या जागा आणि अन्न ते इथल्या कासवांकडून हिसकावतं, आणि आपल्या हवेत बाराही महिने तगून राहतं. विहिरीत कासव असलं की पाणी चांगलं राहतं म्हणून गावाकडे कुणी मागेल, त्यांनाही देऊ नका. खोल विहिरीत कासवाला वर येऊन कोरडं बसायला जागा नसते, ऊन पोचत नाही. अंगावर बुरशी चढते, कवच कुजतं आणि ते महिनोन् महिने झिजत मरतं.

मेहुण्यांना सध्या ‘नाही’ सांगा. फारच मनाला लागलं असेल तर त्यांना त्यांच्याच घरी टब, उन्हाची वीट आणि पाल्याचं खाणं करून द्या. दोन लहान कासवांना पहिलं वर्ष दीडशे-दोनशे लिटरचा टब पुरतो. त्यांची कासवं तुमच्या हौदात काही दिवसांपुरतीसुद्धा ठेवून घेऊ नका. नवीन कासव निदान दोन महिने वेगळ्या पाण्यात, वेगळ्या बादलीने आणि वेगळ्या जाळीने सांभाळावं लागतं. नाकातून बुडबुडे येणं, पोहताना एका बाजूला कलणं, डोळे सुजून बंद होणं, ही लक्षणं त्या काळात दिसतात. कलून पोहणारं कासव बहुधा न्यूमोनियाचं असतं. त्याला उबेत ठेवून एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

परड्यात ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, हे एका रविवारी बघून कळवा. हौदाची लांब बाजू कुठल्या दिशेला ठेवायची आणि उन्हाची फळी कुठल्या टोकाला लावायची, ते त्यावरून सांगता येईल.